चौथ्या खुंटीवरचा राजा

आप्पा,

आज परत हरले. सकाळी चहा घेता घेता फोनवर फ्रीसेलचा डाव मांडला तो अकरा वाजेपर्यंत तोच डाव, आणि शेवटी व्हायचं तेच झालं. चारही खुंट्या भरलेल्या, खाली एकही रांग मोकळी नाही, आणि किलवरचा एक्का सहा पानांखाली गाडलेला. इतकी चिडले की फोन सोफ्यावर आपटला. सोफ्यावरच आपटला, जमिनीवर नाही, कारण फोन माझाच आहे. तुमच्या नियमाने खेळायचं म्हटलं की दहातले सहा-सात डाव माझ्या हातून जातातच. एकदा हलवलेलं पान मागे घ्यायचं नाही, हा तुमचा नियम. बाकीचे लोक सांगतात की या खेळातला जवळजवळ प्रत्येक डाव सुटतो, आणि ते ऐकलं की माझ्या रागात आणखी भर पडते. नशिबाला बोल लावायचीही सोय नाही. बावन्न पानं पहिल्यापासून समोर उघडी मांडलेली असतात, एकही पालथं नाही, आणि तरी मला दिसायचं ते नंतरच दिसतं. मी मुळात पत्ते खेळणारी बाई नाही. हा खेळ तुमच्यामुळे माझ्या मागे लागला आणि तुम्ही गेल्यावर तर सुटेचना. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती प्रत्येक हरलेल्या डावानंतर आठवते. आज ती लिहूनच काढते.

तुम्ही चेन्नईला आलात तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुमच्या उजव्या हाताला कंप सुटून एक. मिरजेच्या दुकानात तुमच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही चुकीची कापली गेली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण तुम्ही त्याच संध्याकाळी शटर ओढलंत आणि किल्ली शेजारच्या घड्याळवाल्याकडे ठेवलीत. पस्तीस वर्षांचं दुकान. मी फोनवर म्हटलं, माझ्याकडे या. माझा नवरा तेव्हा कंपनीच्या कामाने दीड वर्षासाठी परदेशी गेलेला, अड्यारच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, रोज पेरुंगुडीला ऑफिसात जायचं, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि परत यायचं. तुम्ही आलात ते एक ट्रंक घेऊन. कपडे थोडेच होते. तळाशी फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली तुमची मोठी कात्री. मी म्हटलं, "इथं कशाला आणलीत?" तर तुम्ही म्हणालात, "हात बसला की लागंल की." अड्यारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा वयाचा कंप आहे, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. त्यातलं 'कमी होईल' एवढंच तुम्ही ऐकलंत.

या शहरात तुम्हाला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे कॉफीचा डबरा. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून तुम्ही तो टंबलर आणि त्याखालची ती खोलगट वाटी हातात धरून बघत होतात. मिरजेत तुम्ही चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचात, सांडू नये म्हणून, आणि मी विचारलं की म्हणायचात, "मला अर्धाच लागतो." इथं टंबलरमधून हिंदकळलेली कॉफी डबऱ्यात पडते, ती सगळे तिथूनच पितात, कुणी कुणाच्या हाताकडे बघत नाही. तुम्ही पहिल्यांदा भरलेला टंबलर मागितलात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पुढच्या आठ महिन्यांत मला तुमच्याबद्दल बरंच काही वाटलं, आणि ते सगळं असं गोड नव्हतं.

दिवस तुम्हाला जात नव्हता. वर्तमानपत्र तमिळ किंवा इंग्रजी, टीव्हीवर एकच मराठी वाहिनी, तीही पावसाळी हवा असली की मुंग्या दाखवणार. बोलायला माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजारीण, त्यांना सगळे मामी म्हणायचे. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं आणि चाल सगळी तमिळची, पण मराठी ते मराठीच. त्या तुम्हाला 'मास्टर' म्हणायच्या. पण त्यांनाही त्यांची पूजा, त्यांची भाची, त्यांची दुपारची झोप. मी ऑफिसातून आले की तुम्ही दाराशीच उभे. मी चप्पल काढेपर्यंत दिवसभरात पाहिलेलं सगळं सांगून संपलेलं असायचं, आणि मग तुम्ही माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात. तुम्हाला कशात तरी गुंतवावं म्हणून मी कॉम्प्युटर लावून दिला. माऊस धरायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. आधी तो साधा सॉलिटेअर दाखवला. चार दिवस खेळून तुम्ही तो सोडून दिलात. "बंद पानं काढत बसायची आणि निघाली तर निघाली. हा काय खेळ आहे? हा मटका झाला की."

मग इंटरनेटवर शोधून मी ती साईट काढली. त्यावर हा फ्रीसेल. आठ रांगांत सगळी पानं उघडी. वर एका बाजूला चार रिकामी घरं, त्यात एकेक पान तात्पुरतं ठेवायचं. दुसऱ्या बाजूला एक्क्यापासून राजापर्यंत चार गड्ड्या लावून संपवायच्या. खाली मोठ्या पानावर त्याहून एकाने लहान पान, लालवर काळं, काळ्यावर लाल. तुम्ही पाच मिनिटं नुसते बघत राहिलात आणि म्हणालात, "हे जमंल. हितं सगळं कापड समोर पसरलंय." त्या दिवसापासून चार रिकामी घरं म्हणजे खुंट्या झाल्या, अर्धवट शिवलेले कपडे दुकानात टांगायचात तशा. पुऱ्या झालेल्या गड्ड्या म्हणजे इस्त्रीचे कपडे. आणि खेळण्याला तुम्ही खेळणं म्हणत नव्हतात, बेतणं म्हणायचात. "थांब, बेततोय." अर्धा अर्धा तास एकही पान न हलवता तुम्ही पडद्याकडे बघत बसायचात. कपड्याची मांडणी मनात पुरी झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तुमचा दुकानातला नेम, तोच इथं. मी मागून जाताना वाटायचं, झोप लागली की काय.

शिकलात मात्र झपाट्याने, हे कबूल करते. पंधरा दिवसांत तुम्हाला कळलं की खुंट्या भरायची घाई करायची नाही, आधी एक्के-दुर्र्या कुठे गाडल्या आहेत ते बघायचं, एखादी रांग पूर्ण मोकळी करता आली तर ती चार खुंट्यांपेक्षा मोलाची. हे सगळं मी पुढे पुस्तकं-बिस्तकं वाचून, साईटवरच्या चर्चा वाचून शिकले, आणि प्रत्येक वेळी लक्षात यायचं की हे तर आप्पा म्हणाले होते. पण तुम्ही जिंकत नव्हतात. एकदाही नाही. डोकं बरोबर चालायचं आणि बोट दगा द्यायचं. तिथं एकदा दाबलं की पान निवडलं जायचं आणि दोनदा दाबलं की ते थेट रिकाम्या खुंटीवर जाऊन बसायचं. तुमचं बोट एकदा दाबायला जाई आणि दोनदा दाबलं जाई. वर माऊस थरथरला की बाण शेजारच्याच रांगेवर सरकलेला. नको ते पान खुंटीवर, आणि सगळा बेत फसला.

पानं मागे घ्यायचं बटण तिथं होतंच. मी पहिल्या दिवशीच दाखवलं. तुम्ही विचारलंत, "म्हणजे झालेलं झालं नाही असं करायचं?" मी म्हटलं, "आप्पा, उसवायचं समजा. शिवण चुकली तर तुम्ही उसवत नव्हता का?" तुम्ही मान हलवलीत. "शिवण उसवता येती. काप उसवता येत नाही." मी म्हटलं, हे कापड नाही, हा पडदा आहे. आणि चूक तुमच्या विचारात नाही, बोटात आहे, मग ती धरायची कशाला? त्यावर तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकाला काय सांगू? डोकं बरोबर होतं, हात चुकला? हात काय शेजाऱ्याचा होता?" मग माझ्याकडे न बघता: "असा एक डाव सरळ सुटू दे. एकदाबी हात न चुकता. मग मला कळंल हात बसला. मग मी मिरजेला जातो आणि शटर वर करतो." तेव्हा मला समजलं की तुम्ही खेळत नव्हतात. तुम्ही स्वतःची परीक्षा घेत होतात आणि रोज नापास होत होतात.

आप्पा, त्या आठ महिन्यांचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. घरात कॉम्प्युटर एकच. मला ऑफिसचं काही बघायचं असलं की तुमचा डाव मध्ये. डाव बंद केला तर हरल्यात जमा, म्हणून बंद करायचा नाही. एकदा मी विचार न करता खिडकी बंद केली तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. करंट जायचा तेव्हा तर खटलाच चालायचा. करंट गेला तो डाव हरला धरायचा की नाही? तुम्ही विचार करून निकाल दिलात, की त्यात हाताची चूक नाही, म्हणून तो डाव मोजायचाच नाही, ना इकडे ना तिकडे. मी हसले तर म्हणालात, "हसू नको. न्याय न्यायासारखा पाहिजे." रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की तुमच्या चेहऱ्यावरून कळायचं, आज डाव सत्तराव्या चालीला गेला की नव्वदाव्या. आणि मग जेवताना त्या डावाची आख्खी चिरफाड. बदामची दश्शी इथं होती, गुलाम तिथं होता, मी असं बेतलं होतं. मी हूं हूं करत भात कालवायची. ऑफिसात दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन एकाच माणसाची एकच चूक ऐकायची, डोकं पिकून जायचं. एकदा मी बोलूनही गेले, "एक बटण दाबा आणि संपवा ना आप्पा! कोण बघतंय?"

तुम्ही ताटावरून उठला नाहीत, आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुला तो निळा फ्रॉक आठवतो का?" आठवत होता. मी चौथीत होते, दुकानात बसून तुरपाई शिकत होते. एका मुलीच्या फ्रॉकची घेराची तुरपाई माझ्या हातून वाकडी झाली, तर मी ती घडी आत दुमडून इस्त्री फिरवली आणि गठ्ठ्यात सरकवून दिली. तुम्ही गिऱ्हाइकासमोर फ्रॉक उलगडलात, घेर उलटा केलात आणि म्हणालात, "ताई, उद्या या, आमची चूक आहे." मग गिऱ्हाईक गेल्यावर मला समोर बसवून ती सगळी तुरपाई माझ्याच हाताने उसवून घेतलीत. मी रडत होते आणि तुम्ही शेजारी बसून काजं करत होतात. अख्खी दुपार. तुम्ही मला रागावला नाहीत याचाच मला जास्त राग आला होता. त्या दिवशी अड्यारच्या टेबलाशी तो राग जसाच्या तसा परत आला. मी चाळीशीला टेकलेली बाई, माझ्या घरात, माझ्या ताटावर, परत चौथीतली झाले.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी तुम्हाला माहीत नाही. ऑफिसात, माझ्या कामाच्याच सवयीने, मी ती साईट तपासली. एक डाव लावला, मुद्दाम पान हलवलं, मागे घेतलं, डाव पुरा केला आणि बघितलं की नोंदीत काही राहतं का. नाही राहत. जिंकलेला डाव नुसता जिंकलेला दिसतो. हे मी का तपासलं असं स्वतःला विचारलं नाही.

आणि मग तो रविवार. सकाळचे दहा वाजले असतील, उकाडा असा की पंखाही गरम वारा टाकत होता. तुम्ही बनियनवर बसलेले, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलेलं, कारण तशी एक युक्ती तुम्ही अलीकडे काढली होती. मी मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या करत होते. डाव फार छान लागला होता. तीन खुंट्यांवर पानं होती, चौथी तुम्ही जिवापाड जपलेली. किलवरची अठ्ठी उचलून बदामच्या नव्वीवर ठेवायची, मग चौथ्या खुंटीच्या आधाराने खालची दुर्री सुटते, मग सगळं धडाधड उलगडतं. तेवढं मलाही दिसत होतं. त्या क्षणी दाराची बेल वाजली. तुमची मान दाराकडे वळली, बोट दोनदा दाबलं गेलं, बाण शेजारच्या रांगेवर सरकलेला, आणि इस्पिकचा राजा उडून चौथ्या खुंटीवर जाऊन बसला. राजा! त्याला ठेवायला मोकळी रांगच लागते, आणि तुमच्याकडे ती नव्हती. डाव तिथंच मेला. पण तुम्ही ते पाहिलं नव्हतं. तुम्ही माऊस सोडून उठला होतात, "आलो आलो" म्हणत दाराकडे निघाला होतात. दारात मामी, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. "मास्टर, हीं मुरुंगक्काय घ्या. झाडाला इतकीं लागलीं आहेत, मी एकटी काय करूं?" तुम्ही शेंगांचं कौतुक करत होतात. मी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला, वाकले आणि ते बटण दाबलं. राजा खाली उतरला. मी परत टॉवेलची घडी घातली.

तुम्ही येऊन बसलात. मनगट धरलंत. किलवरची अठ्ठी नव्वीवर गेली. दुर्री सुटली, तिर्री सुटली, एक रांग मोकळी झाली. मामी खुर्ची ओढून बसल्या होत्या, त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण एक डाव सरळ सुटला की तुम्ही कात्री धरणार हे माहीत होतं, आणि तुमचा चेहरा कळत होता. वीसेक मिनिटांत शेवटची पानं आपोआप वर जाऊन बसली आणि पडद्यावर इंग्रजीत अभिनंदन आलं. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "एकदाबी नाही चुकला." मामी टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्यो, सुटला? खरंच सुटला? मग आतां माझा ब्लाउज तुम्हींच कापायचा, मास्टर. भाचीच्या लग्नाला पट्टू साडी घेतली आहे, तिच्यासंगतच विणलेला तुकडा आहे. येथल्या कोणा टेलरकडे द्यायला मला जीव होईना." आणि त्या वर जाऊन तो तुकडा घेऊन आल्यासुद्धा. मोरपिशी रेशीम, काठाला जर. तुम्ही तो चिमटीत धरून बघितलात आणि म्हणालात, "उद्या सकाळी. हात ताजा असतो." त्या दिवशी तुम्ही मिरजेला घड्याळवाल्याला फोन केलात आणि शटरला तेल द्यायला सांगितलंत. खरं सांगायला माझ्याकडे पूर्ण दिवस होता. तुम्ही शिरा करायला लावलात, मी केला. तुम्ही दोनदा घेतलात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते म्हणून कळवलं. का ते माहीत असूनही मला माहीत नाही असं वागत होते. जेवणाच्या टेबलावर तुम्ही चादर अंथरलीत, रेशमाची घडी घातलीत, खडूने रेघा मारल्यात. रेघा सुंदर. फ्लॅनेल सोडून कात्री काढलीत. पाठीचा भाग निघाला, गळा निघाला, तुमच्या ओठांवर शीळ आली. मिरजेच्या दुकानातली ती शीळ मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मी कॉफीचा टंबलर घेऊन उभी आहे आणि मनात म्हणतेय, कदाचित खरंच बसला असेल. मग पुढच्या भागाचा मुंढा आला, बाही जोडायची ती गोलाई. कात्री वळणावर फिरली आणि मध्येच झटका बसून दीड बोट आत गेली. आवाज इतका बारीक होता. तुम्ही कात्री उघडीच ठेवून थांबलात. साडीसोबत विणलेला तुकडा, त्या रंगाचं, त्या काठाचं दुसरं कापड जगात नाही. मी म्हटलं, "काखेत जोड घालता येईल आप्पा, दिसणार नाही." तुम्ही म्हणालात, "दिसणार नाही. असणार तर आहे."

मामी वरून आल्या. तुम्ही त्यांना तो भाग उलगडून दाखवलात, जसा तो फ्रॉक दाखवला होता. त्या म्हणाल्या, "परवाइल्लै, कांहीं हरकत नाहीं, मास्टर. ब्लाउज काय, दुसरा घालतें. त्यासाठीं इतकें मनाला लावून घ्यायचें?" आणि खरंच त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं, त्यांना तुमचं वाईट वाटत होतं. त्या गेल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात आणि जे बोललात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "हात गेला ते ठावं होतं. पण माझा अंदाजबी गेला की गं. कापडाकडं बघून सांगत होतो कोटाला पुरंल का न्हाई, कधी दोन बोटं इकडची तिकडं झाली नाहीत. आणि आता स्वतःचा हात बसला का न्हाई एवढं मला कळंना."

आप्पा, तुमचा अंदाज गेला नव्हता. तुम्ही लावलेली परीक्षा बरोबर होती आणि तिचा निकालही बरोबर लागला होता: त्या डावात तुमचा हात चुकला होता, इस्पिकचा राजा चौथ्या खुंटीवर बसला होता. तुम्ही तो पाहिला असतात तर कात्री बाहेर काढली नसतीत. निकाल मी खोडला. हे तीन शब्द तेव्हा बोलायला हवे होते. तुम्ही मला चांगलं झापलं असतं, कदाचित दोन दिवस बोलला नसतात, पण स्वतःवरचा तुमचा विश्वास तरी शाबूत राहिला असता. मी टंबलर घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, "होतं असं कधी कधी. कॉफी घ्या, गार होतेय." आणि साडेअकराच्या बसने पेरुंगुडीला निघून गेले.

नवव्या दिवशी तुम्ही मिरजेला निघालात. मी गाडीत बसवून दिलं, पाण्याची बाटली, दहीभात, सगळं. त्या नऊ दिवसांत तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. मिरजेला गेल्यावर घड्याळवाल्याकडून किल्ली घेतलीत खरी, पण ती दुकान विकण्यासाठी. दर रविवारी मी फोन करायचे आणि उगाच विचारायचे, "इंटरनेट कॅफेत जाऊन खेळता का कधी?" तुम्ही म्हणायचात, "कशाला." पुढच्या वर्षीच्या थंडीत तुम्ही गेलात. शेवटच्या फोनवर तुम्ही मला विचारलं होतंत की मामींच्या भाचीच्या लग्नात त्यांनी कुठला ब्लाउज घातला. मला माहीत नव्हतं, मी काहीतरी ठोकून दिलं.

हे पत्र कुठे टाकणार? दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला आहे, घरात परके लोक राहतात. कुणाला दाखवायचंही नाही. लिहून झालं की फाडून टाकेन. म्हणून एवढं लिहिते आणि थांबते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमची दया आली म्हणून माझं बोट पुढे गेलं. नवऱ्यालाही एकदा तसंच सांगितलं, त्याने माझा हात हातात घेतला. पण आप्पा, दया आली असती तर मी डाव सुटल्यावर तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. सरळ सुटलेला एक डाव, आणि तुम्ही मिरजेला परत जाणार होतात. मला तुम्ही जायला हवे होतात.